शेजारच्या विश्वाचं वजन

"तुझं वजन किती?"

भाड्याने घर बघायला आलेल्या मुलीला कोणी पहिलाच प्रश्न हा विचारावा? चेन्नईत तोवर मी सात घरं पाहिली होती आणि सात घरमालकांचे प्रश्न मला तोंडपाठ झाले होते. मांसमच्छी खाता का, किती वाजता परत येता, घरी कोण कोण येणार, लग्न कधी करणार. अण्णा नगरातले हे आठवे गृहस्थ मात्र पांढरी लुंगीसारखी वेष्टी, वर बनियन आणि कानावर पेन्सिल अशा थाटात दारात उभे होते, आणि त्यांना एवढंच हवं होतं.

"बावन्न," मी म्हटलं.

"खरं सांग मा."

"पंचावन्न."

दाराशेजारी खिळ्याला सुतळीने वही टांगली होती. तीत त्यांनी पंचावन्न लिहून घेतलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "तीन किलो इतक्या दुरून कांही करीत नाहीत. खोटं मात्र सगळा हिशेब बिघडवतं. नोकरी कोठें करतीस?"

गुम्मिडिपूंडीला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, कंपन-चाचणी विभागात, असं मी सांगितलं. ते एकदम दोन पावलं पुढे आले.

"कंपन? तू कंपन मोजतीस?" आणि घरात तोंड करून ओरडले, "अग, ऐकलंस कां? कंपन मोजणारी आली!"

आतून त्यांच्या बायकोचा शांत आवाज आला, "तर मग कॉफी टाकतें."

वरची खोली मला अशी मिळाली.

गल्ली त्यांना 'सार', म्हणजे सर, म्हणायची. मी मामा म्हणायला लागले आणि त्यांच्या बायकोला मामी. दोघंही तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी आपल्याकडून तिकडे गेले ते गेलेच. जाताना नेलेली मराठी मात्र त्यांनी अंगावरच्या दागिन्यासारखी जपली, मधेमधे लाडाच्या 'मा'सारखे तमिळ मणी ओवले एवढंच. पहिल्या सकाळी मामींनी जिन्यावरून "काय करूलीस?" असं विचारलं तेव्हा ते 'काय करते आहेस' आहे हे मला कळायला जरा वेळ लागला, पण आवाजावरून समजलं की विचारणारीला खरंच जाणून घ्यायचंय. पुण्यातल्या माझ्या सख्ख्या शेजाऱ्यांनी असं कधी विचारल्याचं आठवत नाही.

मामा एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तेहेतीस वर्षं साहाय्यक होते. प्राध्यापकांनी व्यासपीठावरून बोलायचं आणि मामांनी टेबलामागून उपकरण पुढे करायचं. तारा जोडायच्या, भिंगं पुसायची, बिघडलेलं दुरुस्त करायचं. "माझ्या हातांनी सोळा जण डॉक्टर झाले," असं ते सांगायचे, आणि त्यात कडवटपणा नव्हता असं मी म्हणणार नाही. थोडा होता. मामी लोणच्यात मीठ घालायच्या तेवढा.

निवृत्त झाल्यावर घरामागची पंपाची खोली त्यांनी रिकामी केली आणि तिथे स्वतःचा प्रयोग मांडला. छतापासून केसासारखी बारीक तार. तारेला आडवी दांडी. दांडीच्या दोन टोकांना दोन शिशाचे गोळे, मधोमध नखाएवढा आरसा, आणि सगळं काचेच्या पेटीत, वारा लागू नये म्हणून. एका दिव्याचा किरण आरशावर पडायचा आणि समोरच्या भिंतीवर लावलेल्या मोजपट्टीवर त्याचा ठिपका उमटायचा. दांडी किंचितही वळली तर ठिपका सरकायचा. रोज सकाळी सहा ते साडेसहा मामा या ठिपक्यासमोर बसत. त्या अर्ध्या तासात घरात कोणी चालायचं नाही, दार आपटायचं नाही, नारळ फोडायचा नाही. मामींनी देवपूजासुद्धा साडेसहानंतर नेली होती. "देव वाट पाहतो," मामा म्हणत, "ठिपका नाही."

ठिपक्याविषयी ते घरातल्या माणसासारखं बोलत. "आज ठिपका नीट झोपला नाही." "काल पाहुणे आले ते ठिपक्याला आवडलं नाही." आमच्या घरी आलेल्या प्रत्येकाला वजन विचारलं जायचं, आणि मग त्याला एका ठरलेल्या खुर्चीत बसवलं जायचं. ती खुर्ची पंपाच्या खोलीपासून किती अंतरावर आहे ते मोजून ठेवलेलं होतं. एकदा मामींच्या मावसबहिणीला त्यांनी दारातच विचारलं. बाई भारदस्त होत्या. त्यांनी चप्पल पुन्हा पायात घातली आणि रिक्षा थांबवायला हात केला. मामींनी मागून धावत जाऊन त्यांना परत आणलं, पण त्या दिवसाच्या नोंदीत 'अंदाजे ब्याण्णव' असा आकडा मी स्वतः वाचला आहे.

हे सगळं कशासाठी, तर शेजारचं विश्व शोधण्यासाठी.

मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. मामांना राग आला नाही. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. मामी दोशे घालत होत्या. मामांनी ताटलीत एक दोसा ठेवला, त्यावर दुसरा ठेवला.

"हा खालचा आपला. आपण, चंद्र, सूर्य, सगळं ह्यांत. वरचा शेजारचा. दोहोंमध्यें फट आहे, कळलं मा? आतां ही चटणी." त्यांनी खालच्या दोशाला चटणी फासली. "ही म्हणजे उजेड. आवाज. वीज. ही आपल्या दोशाला चिकटून राहते. पलीकडे जात नाही. म्हणून आपल्याला ते दिसत नाहीत आणि त्यांना आपण दिसत नाही. पण वरच्या दोशावर मी आतां बटाट्याची भाजी वाढली, तर?"

"खालचा दबेल."

"बस्स!" त्यांनी टाळी वाजवली. "वजन फट ओलांडतं. फक्त वजन. जगांतले मोठे लोक आतां हें कागदावर लिहायला लागले आहेत. मी ठिपक्यावर पाहणार."

"आणि जे लोक म्हणतात की आपण प्रत्येक निर्णय घेतला की नवीन विश्व फुटतं? एकात मी इथे राहते, दुसऱ्यात तिथे?"

"तें कादंबरीवाल्यांचं," मामा दोसा मोडत म्हणाले. "तें मोजतां येत नाही. मोजतां येत नाही तें मी खात नाही." पण एखाद्या सकाळी माझी कंपनीची बस चुकली की तेच जिन्याखालून हसत म्हणायचे, "दुसऱ्या तुला मिळाली हो बस! अभिनंदन!"

त्यांची पद्धत होती वजाबाकीची. ठिपक्याला जे जे ओढू शकेल त्या सगळ्याचं वजन आणि अंतर त्यांच्या जाड वहीत होतं. स्वतः मामा. मामी (एकादशीला अर्धा किलो कमी). मी. अंगणाच्या पुढच्या बाजूला जमिनीखालची पाण्याची टाकी, तिची रोजची पातळी काठीने मोजून. समोरच्या डॉक्टरांची गाडी. सिमेंटची नऊ पोती. चंद्र, सूर्य, भरती-ओहोटी. हे सगळं वजा करायचं, आणि जे उरेल ते पलीकडचं. अकरा वर्षं ते वजा करत होते आणि अकरा वर्षं उरत होतं शून्य, किंवा शून्याच्या आसपासची थरथर.

आणि मग, मी तिथे राहायला गेल्यावर चारपाच महिन्यांनी, उरायला लागलं.

ते चेन्नईच्या तहानेचं वर्ष होतं. नळ केव्हाच बंद पडले होते, गल्लीतल्या विहिरी आटल्या होत्या, आणि सगळं शहर पाण्याच्या लॉऱ्यांवर जगत होतं. बायका रंगीत प्लास्टिकचे घडे रांगेत मांडून ठेवायच्या. अशात एका बुधवारी सकाळी मामा माझ्या दारावर थापा मारायला लागले. साडेसहा वाजून गेले होते म्हणून बरं.

"सरकला! मा, ठिपका सरकला!"

मी ओल्या केसांनी खाली धावले. मोजपट्टीवर ठिपका कालच्या खुणेपासून चांगला बोटभर बाजूला होता. मामांनी सगळं तीनदा वजा केलं. दर वेळी तेवढंच उरलं.

पुढचे सहा आठवडे आमच्या घरात सणासारखे गेले. ठिपक्याची एक रीत दिसायला लागली. बुधवारी सकाळी आणि शनिवारी सकाळी तो उडी मारलेला असायचा. मग दोनतीन दिवस हळूहळू मूळ जागी परत यायचा. पुन्हा उडी. पुन्हा हळूहळू परत. मामांनी आलेख काढून स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला. एकामागून एक करवतीचे दात.

"कोणी येतं," मामा कुजबुजत. "एकदम येतं. मोठं असतं. आणि मग थोडं थोडं करून निघून जातं. काय असेल मा?"

मला काय माहीत! पण खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा यायचा. कारखान्यात दिवसभर मी ब्रेकचे भाग थरथरवत बसायचे आणि डोक्यात ठिपका. एकदा साहेबांची परवानगी काढून मी कंपन मोजायचं आमचं यंत्र शनिवार-रविवारसाठी घरी आणलं. मला वाटत होतं, रस्त्यावरच्या वाहनांचा हादरा असणार आणि मामांची समजूत मला घालावी लागणार. दोन दिवस मी पंपाच्या खोलीची फरशी तपासली. कंपन नव्हतं. ठिपका हादऱ्याने सरकत नव्हता. काहीतरी त्याला खरंच ओढत होतं.

हे मी सांगितलं तेव्हा मामांनी माझे दोन्ही हात धरले आणि अंगणात मला गरागरा फिरवलं. एकोणसत्तर वर्षांचा माणूस! मामी दारात उभ्या राहून "अय्यो, पडाल, पडाल" म्हणत होत्या आणि हसत होत्या.

मामांनी कॉलेजला पत्र लिहिलं. विभागाच्या नव्या प्रमुख बाई एके काळी त्यांच्याच हाताखाली प्रयोग शिकलेल्या होत्या. त्यांनी उत्तर पाठवलं, येत्या शनिवारी विद्यार्थ्यांसमोर आणि प्राध्यापकांसमोर अर्धा तास बोला. मामांनी ते पत्र मामींना वाचून दाखवलं, मला वाचून दाखवलं, इस्त्रीवाल्यालाही दाखवलं. नवा सदरा शिवायला टाकला. तेहेतीस वर्षं ज्या व्यासपीठाच्या खाली उभं राहून त्यांनी उपकरणं वर दिली, त्याच्यावर ते आता चढणार होते. रोज संध्याकाळी ते अंगणात भाषणाचा सराव करायचे आणि पहिलं वाक्य नेहमी तेच असायचं, "मी येथें साहाय्यक होतों."

आता त्या घराच्या दुसऱ्या बाजूविषयी सांगायला हवं. मागच्या अंगणाला आठ फूट उंच भिंत होती, पंपाच्या खोलीला जवळजवळ चिकटून. भिंतीपलीकडे मामांचे थोरले भाऊ राहत. वडिलांनी एकच कोपऱ्याचा तुकडा घेतला होता आणि दोन मुलांसाठी पाठीला पाठ लावून दोन घरं बांधली होती, एकाच नकाशावरून, फक्त उलटी. आमचं देवघर डावीकडे तर त्यांचं उजवीकडे. वाटणीत वडिलांनी खणलेली विहीर थोरल्याकडे गेली. मामांचं म्हणणं, ती दोघांची. शब्दाने शब्द वाढला. "ह्या विहिरीचं पाणी मी तोंडांत घेणार नाही आणि तिकडे पाहणारहि नाही," असं बोलून मामांनी भिंत चढवली, गच्चीच्या त्या कडेला पत्रे ठोकले, आणि त्याला एकोणीस वर्षं झाली होती. थोरल्यांचं दार मागच्या रस्त्यावर उघडायचं. सकाळी दोन्ही घरांतून एकाच वेळी सांबाराचा वास यायचा, एकाच तिथीला श्राद्ध व्हायचं, एकाच आईच्या फोटोला दोन हार पडायचे, आणि त्या घराचा उल्लेख आमच्या घरात करायचा नाही.

अर्थात हा नियम मामांचा. भिंतीच्या कोपऱ्यात कढीपत्त्याचं झाड होतं आणि त्याच्या आड दोन विटा निघायच्या. त्या भोकातून मामी आणि त्यांची जाऊ गेली पंधरा वर्षं वाट्या देत-घेत होत्या. रसम जायचं, अप्पळम म्हणजे तिकडचे पापड यायचे. मला हे दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं आणि मामींनी माझ्या तोंडात नारळाची वडी घालून मला गप्प केलं होतं.

त्या शनिवारच्या आधीच्या मंगळवारी आमच्या कारखान्यात वीज नव्हती, म्हणून सुट्टी मिळाली. दहाच्या सुमाराला मी गच्चीवर चादर वाळत घालत होते. दोरी उंच होती, म्हणून बादली उपडी करून वर चढले आणि पत्र्यावरून नजर पलीकडे गेली.

मागच्या रस्त्यावर पाण्याची लॉरी उभी होती. तिचा जाड पाईप थोरल्या मामांच्या बोळातून आत आला होता आणि विहिरीत सोडलेला होता. आटलेल्या विहिरीला आतून सिमेंट लावून त्यांनी तिची टाकी केली होती. एक अख्खी लॉरी तीत रिकामी होत होती. विहिरीपासून पंपाच्या खोलीपर्यंत आठदहा पावलं, मधे एक भिंत.

मी बादलीवरून उतरले आणि तिथेच बसले. एकदम येतं, मोठं असतं, थोडं थोडं करून निघून जातं. दुसरं काय असणार!

मी मामींकडे गेले. मामी डाळ निवडत होत्या.

"मामी, पलीकडे लॉरी कधी कधी येते?"

"मंगळवारीं आणि शुक्रवारीं," मामी म्हणाल्या. "दीड महिना जाहला. विहीर लिंपून घेतली तेव्हांपासून." मग माझं तोंड पाहून त्यांचा हात थांबला. "कां ग?"

मी सांगितलं. मामींनी सूप खाली ठेवलं. एवढं सगळं माहीत असून त्यांना त्याचा ठिपक्याशी संबंध आहे हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्या घराचं नाव कसं काढणार होत्या?

"शनिवार होऊन जाऊं दे," त्या हळूच म्हणाल्या. "तेहेतीस वर्षं उभे राहिले ग ते. एकदां वर चढूं दे त्यांना."

दिवसभर मी गप्प राहिले. मला पहिला दिवस आठवत होता आणि तीन किलो आठवत होते. या माणसाने माझ्याकडून खरं वजन काढून घेतलं होतं. त्याला खोटं बोलायला व्यासपीठावर पाठवायचं, तेही त्याच्या नकळत? बुधवारी सकाळी ठिपक्याने ठरल्याप्रमाणे उडी मारली, मामा आनंदाने बाहेर आले, आणि मी सांगून टाकलं.

"विहीर कोरडी आहे," मामा म्हणाले.

"मामा, मी काल स्वतः पाहिलं."

"गल्लींतल्या सगळ्या कोरड्या आहेत!" त्यांनी वही उघडून मला दाखवली. अकरा वर्षांपूर्वी, जाड अक्षरात: 'पलीकडील विहीर. पाणी बारा फूट.' मग या वर्षीच्या पानावर, तेवढ्याच ठामपणे: 'आटली. शून्य.' दोन्ही कोणाकडून तरी ऐकून लिहिलेलं. आयुष्यात त्यांनी स्वतः न पाहता लिहिलेले हे दोनच आकडे असतील. मोजायचं तर तिकडे पाहावं लागलं असतं.

त्यांनी त्या शून्यावरून बोट फिरवलं. मी रडायला लागले होते. मला वाटलं, आता हे मला जायला सांगतील.

"असेल, असेल म्हणून चालत नाही," ते अखेर म्हणाले. आवाज कोरडा होता. "करून पाहावं लागतं. पाणी काढलं तर ठिपका मागे फिरला पाहिजे. नाही फिरला तर शनिवारीं मी वर चढेन." आणि वेष्टी वर खोचून ते भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.

उभे राहिले आणि दोनदा खाकरले. मामी पदर तोंडाशी धरून दारात.

"अण्णा!"

पलीकडे भांडी घासण्याचा आवाज चालू होता, तो थांबला.

"कोण?"

"मी."

मग पावलं भिंतीजवळ आली. "काय जाहलं? तिला बरं नाही कां?"

"ती बरी आहे. अण्णा, तुझ्या विहिरींत पाणी किती आहे?"

थोरल्यांचा आवाज आला, एकदम मऊ झालेला. "पाणी संपलं कां रे तुमचं?"

"नाही, तसं नव्हे—"

"एकोणीस वर्षांत हाक मारली नाहीस. पाणी संपल्यावांचून कशाला मारशील? लाजू नको. नळी टाकतों." आणि मागे वळून, "अग, मोटर लाव! ह्यांचं पाणी संपलं!"

त्या उन्हाळ्यात चेन्नईत पाणी म्हणजे काय होतं, हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. भाऊ भावाला घडाभर द्यायला कचरत होता. मामांनी भिंतीला हात टेकले आणि त्यांच्या खांद्यांकडे पाहून मला कळलं की ते रडताहेत. हिरवी नळी भिंतीवरून सरपटत अलीकडे पडली. आणि तेवढ्यात मामांच्यातला साहाय्यक जागा झाला.

"थांब! अण्णा, थांब! अजून सोडूं नको! मला ठिपक्यापाशीं बसूं दे!"

"कशापाशीं?"

"मग सांगतों! मी 'हं' म्हटल्यावर सोड! आणि सगळं सोड!"

मामा खोलीत गेले, दार लावलं, आणि आतून 'हं' आलं. मी आणि मामी नळीचं टोक ओढत पुढच्या अंगणातल्या टाकीकडे पळालो. मोटर चालू झाली. भिंतीवर थोरल्या मामींचं डोकं उगवलं. त्या स्टुलावर चढल्या होत्या, आणि दोघी जावा एकोणीस वर्षांत पहिल्यांदा उघड्यावर एकमेकींकडे पाहून हसत होत्या. पाऊण तास पाणी येत होतं. पंपाच्या खोलीतून आवाज नाही. भिंतीपलीकडून थोरले मामा दर पाच मिनिटांनी विचारत, "आतां काय करूला तो?" आणि मी ओरडून सांगायचे, "बसलेत!"

मग दार उघडलं.

"फिरला!" मामा भिंतीकडे धावत सुटले. "ठिपका मागे फिरला! अण्णा, ती तुझी विहीर होती! दीड महिना तुझी विहीर होती!"

"मग कोणाची असणार?" थोरले पलीकडून गरजले. "वाटणींत मलाच आली ना!"

मामा हसायला लागले. इतके हसले की खाली बसले, आणि बसल्यावर मात्र हसणं थांबलं. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. अकरा वर्षं आणि करवतीचे दात काढलेला तो आलेख, सगळं गेलं होतं. मला फार वाईट वाटत होतं आणि मी ते बोलूनही दाखवलं.

"वेडी आहेस," ते म्हणाले. "आठदहा पावलांवरून, भिंतीआडून, न पाहतां, न ऐकतां मी बारा हजार लिटर पाणी धरलं. घरांतल्या तारेवर! कोणी धरलंय सांग?" आणि डोळे पुसता पुसता त्यांचा चेहरा पुन्हा पेटायला लागला. "आणि हें धरतां येतं, तर दुसरंहि धरतां येईल. माझं उपकरण चांगलं आहे मा! उपकरण चांगलं आहे!"

शनिवारी ते गेलेच. नवा सदरा घालून व्यासपीठावर चढले आणि अर्धा तास शेजारची विहीर कशी शोधावी यावर बोलले. पहिल्या रांगेत थोरले मामा होते, रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले, घरांचा नकाशा मांडीवर पसरून. एक अंतर मामांनी चुकीचं सांगितलं तेव्हा त्यांनी खालून दुरुस्त केलं. मुलं आधी हसली, मग गप्प झाली, आणि शेवटी आकडे लिहून घ्यायला लागली. एका मुलाने विचारलं, "म्हणजे सार, शेजारचं विश्व नाहीच?"

"मी नाही म्हटलेलं नाही," मामा म्हणाले. "माझी वजाबाकी अपुरी होती, इतकंच म्हणालों. ती पुरी करतों आहे."

आणि ते खरंच कामाला लागले. आता रोज सकाळी सहाला पलीकडून थोरले मामा काठीने विहीर मोजून आकडा ओरडू लागले. पहिले काही दिवस आकड्याशिवाय एक शब्द नाही. मग आकड्यानंतर, "कॉफी झाली कां?" मग एकदा थोरल्यांनी विहिरीत चंद्राचंही वजन धरायला पाहिजे असं काहीतरी सुचवलं, आणि त्यावरून दोघांचं असं भांडण जुंपलं की मामींनी माझ्याकडे पाहून हात जोडले. पण नळी भिंतीवरच होती. ती कोणी काढली नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली आणि मी पुण्याला आले. मामांची पत्रं यायची, त्यात ख्यालीखुशाली दोन ओळी आणि बाकी आकडे. दोनेक वर्षांनी एका रविवारी सकाळी फोन वाजला.

"मा!" मामा एवढ्या मोठ्याने ओरडले की चेन्नईहून फोनशिवायही ऐकू आलं असतं. "सगळं वजा केलं! विहीर, टाकी, अण्णा, त्याची बायको, त्यांचा नवा फ्रिज, चंद्र, सूर्य, सगळं! आणि ऐक, तरीहि उरतं! थोडं आहे, पण उरतं! रोज उरतं!"

मी पलंगावरून उठून उभीच राहिले. "मामा, किती उरतं? किती?"

तिकडून दोन आवाज एकदम आले. दोघांनी दोन वेगळे आकडे सांगितले, आणि मग मी फोनवर आहे हे विसरून दोघे भाऊ भांडायला लागले.